आधी बागेचं वेळापत्रक, मग पाहुण्यांचं बुकिंग

गोदाकाठच्या ओळखीच्या बायका, नात्यातली माणसं, कधी अनोळखी शेतकरीसुद्धा फोन करून विचारतात, "ताई, आम्हीपण कृषी पर्यटन करायचं म्हणतोय. किती खोल्या काढू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. खोल्या राहू द्या, आधी एक वही घ्या.

आमची वस्ती निफाड तालुक्यात, नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयापासून फार लांब नाही. द्राक्ष, उन्हाळ कांदा, थोडा गहू, दावणीला दोन म्हशी. घरात सासूबाई, मालक, मी आणि कॉलेजला जाणारा मुलगा. एवढ्याच माणसांनी शेतीही करायची आणि पाहुणेही सांभाळायचे. म्हणून वहीत बारा महिने लिहायचे आणि प्रत्येक महिन्यापुढे तीन गोष्टी मांडायच्या: शेतात काय काम चालू असतं, त्यातलं पाहुण्याला दाखवण्यासारखं काय, आणि घरातल्या बाईच्या अंगावर त्या महिन्यात किती काम असतं. तिसरी गोष्ट बहुतेक जण लिहीतच नाहीत, आणि बहुतेक केंद्रं तिथेच थकतात. पाहुण्यांची भाकरी तीच थापते आणि मजुरांचा चहाही तीच करते.

आमची वही साधारण अशी आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे हंगाम संपल्यावरची मोठी छाटणी, ऊन कडक, दाखवायला फारसं नाही, त्यातच कांदा काढून साठवणीच्या चाळीत भरायची घाई, पाहुणे बंद. जून ते ऑगस्ट बागेत नुसता पाला असतो आणि काळ्या मातीचा शिवाररस्ता चिखलानं अडतो. मोठी गाडी येतच नाही, तेव्हा फक्त ओळखीची, मुक्कामी येणारी दोन-तीन कुटुंबं. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, मग डोळे फुटणं, फेलफूट म्हणजे घड नसलेले फुटवे काढणं, डिपिंग म्हणजे घड औषधाच्या द्रावणात बुडवणं, विरळणी. या दिवसांत फवारणी इतकी असते की बागेत बाहेरचं माणूस नकोच. नोव्हेंबरच्या मध्यापासून थंडी पडते, पक्षी येतात, शेतात हरभरा आणि गहू उभा राहतो. फळछाटणीपासून घड काढणीला यायला चार-सव्वाचार महिने लागतात. म्हणजे जानेवारी ते मार्च द्राक्ष. आमचा खरा हंगाम नोव्हेंबर अखेर ते मार्च एवढाच. बाकी वर्ष रिकामं दिसतं म्हणून घाबरू नका. या धंद्याचं उत्पन्न शेतीला जोड म्हणून धरायचं. वर्षभर पाहुणे हवेत म्हणून पोहण्याचा तलाव आणि रोषणाई करून कर्ज अंगावर घेतलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. शहरात जे मिळतं ते पाहायला कुणी शंभर-दोनशे किलोमीटर गाडी चालवत निफाडला येत नाही.

फवारणी: द्राक्षपट्ट्यातला सगळ्यात मोठा प्रश्न

पाहुणा द्राक्षाच्या बागेत शिरला की त्याचा हात आपोआप घडाकडे जातो. लहान मुलं तर न धुताच मणी तोंडात टाकतात. आणि आपण जाणतो की डावण्या आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी आपण काय काय मारतो. प्रत्येक औषधाच्या लेबलवर फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचं अंतर हवं ते लिहिलेलं असतं, त्यालाच आपण पीएचआय म्हणतो. निर्यातीसाठी आपण ते काटेकोर पाळतो, कारण माल तपासला जातो. पाहुण्याच्या पोरासाठीही तितकंच काटेकोर पाळायला हवं, आणि ते तपासायला कुणी येणार नाही म्हणून जास्तच.

यावर एकच पक्का उपाय: पाहुण्यांचा प्लॉट वेगळा. घराजवळच्या थोड्या ओळी बाजूला काढा. निर्यातीच्या मालाला लागणारा मण्याचा आकार आणि घडांना कागद लावण्याची मेहनत या ओळींत नको. शक्य तितकी जैविक औषधं वापरा, शेवटची फवारणी लवकर थांबवा. फवारणीच्या वहीत या ओळींचं पान स्वतंत्र ठेवा. उत्पादन कमी येईल, काही घड भुरीनं जातील. ते नुकसान पाहुण्यांच्या दरात धरा. मधे शेजारच्या प्लॉटचा फवारा उडून येऊ नये म्हणून शेवरी किंवा गवताची दाट ओळ किंवा शेडनेट हवं. आणि ट्रॅक्टरचा फवारणीचा ब्लोअर बाहेर काढायच्या दिवशी बुकिंगच नको, मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो.

निर्यातीच्या प्लॉटमध्ये पाहुणे न नेण्याचं दुसरंही कारण आहे. व्यापारी बाग पाहून सौदा करतो. घडाला हात लागला की मण्यावरचा पांढरा मेणट थर पुसला जातो, तो गेला की माल शिळा दिसतो. ओळीत माणसं फिरली की ठिबकच्या नळ्या सरकतात, खुंटाला धक्के बसतात. दोरी बांधून सरळ सांगायचं: इथपर्यंत या, पुढे नको. नम्रपणे सांगितलं आणि कारण सांगितलं तर लोक ऐकतात. उलट त्यांना हे कारणच ऐकायला आवडतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला घडामागं किती हात लागतात हे कुणी सांगितलेलंच नसतं.

काय दाखवायचं

जे काम त्या दिवशी खरंच चालू आहे ते. मुद्दाम मांडलेली बैलगाडी आणि भाड्यानं आणलेले फेटे दोन फोटोंत संपतात.

आमच्याकडे सगळ्यात जास्त रमवणारी वस्तू म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर. मणी चिरडून रसाचा एक थेंब काचेवर टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत गोडीचा आकडा दिसतो. मग एकाच घडाच्या वरच्या आणि खालच्या मण्याची गोडी मोजा, सावलीतल्या आणि उन्हातल्या घडाची मोजा. मुलं अर्धा तास हलत नाहीत. तेवढ्यात काढणीचा दिवस कसा ठरतो, लवकर तोडलं तर आंबट का लागतं, हे सगळं त्यांना न शिकवता कळतं.

थंडी हे आपलं दुसरं भांडवल. निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याची बातमी दर हिवाळ्यात येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली ती नोंद असते. अशा पहाटे द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून आपण बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबकनं पाणी सोडतो. जो पाहुणा आदल्या रात्री मुक्कामाला आहे त्याला विचारा, पहाटे चारला उठाल का? जो उठतो तो पुढच्या वर्षी पुन्हा येतो. फक्त धुराजवळ लहान मुलं आणि दम्याची माणसं नकोत. आणि मुंबईची माणसं हमखास पातळ स्वेटर घेऊन येतात, म्हणून माणशी दोन गोधड्या आणि कानटोप्या घरात हव्यातच. गोधड्या आम्ही गावातल्या बायकांकडून शिवून घेतल्या. एकदोन पाहुण्यांनी त्याच विकत मागितल्या, तेव्हापासून त्या विक्रीलाही असतात.

तिसरं, पक्षी. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रज काळात बंधारा झाला, गाळ साचत गेला आणि उथळ पाण्याची दलदल तयार झाली. 1986 साली ते अभयारण्य झालं आणि 2020 मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातलं ते पहिलं रामसर स्थळ. हिवाळ्यात तिथे पट्टकादंब, चक्रवाक, क्रौंच येतात, रोहितही दिसतात. चापडगावच्या बाजूला मनोरे आहेत, स्थानिक गाइड आहेत. पाहुण्याला स्वतः घेऊन जाऊन नावं चुकीची सांगण्यापेक्षा त्या गाइडला बोलवा आणि त्याचे पैसे पाहुण्याकडून त्याच्याच हातात द्यायला लावा. सूर्य उगवायच्या आधी पोचायचं, भडक कपडे नकोत, ड्रोन तर अजिबात नको.

हरभरा भरला की हुळा, म्हणजे शेतातच भाजलेला ओला हरभरा, गव्हाच्या ओंब्या भाजणं, लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव. लिलाव दाखवायला नेणार असाल तर दहा-बारा माणसांवर नेऊ नका आणि ट्रॅक्टरांच्या रांगेत फोटो काढत उभं राहू देऊ नका. तिथे शेतकऱ्याचा वर्षाचा हिशेब दोन मिनिटांत ठरत असतो. भाव पडलेला असेल त्या दिवशी जाऊच नका.

मजुरांबद्दल

हे मला कळकळीनं सांगायचं आहे. काढणीला आणि छाटणीला पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागातली आदिवासी कुटुंबं आपल्याकडे येतात. बागेच्या कडेला त्यांचं पाल असतं, चूल असते, पोरं असतात. पाहुण्यांचे कॅमेरे पहिले तिकडे वळतात. आम्ही नियम केला आहे की पालाकडे पाहुण्यानं जायचं नाही आणि कामावरच्या कुणाचाही फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. विचारायचं काम मुकादमाचं नाही, त्या बाईलाच विचारायचं. पाहुण्यांना काम समजावून सांगण्यात एखाद्या मजुराचा तास गेला तर त्या तासाची मजुरी वेगळी द्या, कामाच्या उक्त्यातून कापू नका.

त्यांच्याकडून शिकण्यासारखंही खूप आहे. नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं आमच्या स्वयंपाकात त्यांच्यामुळेच आलं. जेवणाच्या पाटीवर आम्ही ते कुठल्या भागाचं आहे हे लिहितो आणि नागली त्यांच्याच गावाकडून विकत आणतो.

बिबट्या, वीज, पाणी, संडास

निफाडच्या उसात बिबट्या आहे, हे लपवू नका. पाहुणा आल्याबरोबर सांगा. अंधार पडल्यावर वस्तीच्या उजेडाबाहेर एकट्यानं जायचं नाही, लहान मुलांना अंगणात एकटं सोडायचं नाही, शेतात बसून पार्टी नाही. खोलीतून संडासाला जायला अंगण ओलांडावं लागत असेल तर त्या वाटेवर दिवा हवा, आणि शक्य असेल तर संडास खोलीलाच जोडून घ्या. उष्टं-खरकटं उघड्यावर टाकलं की कुत्री येतात, कुत्र्यांच्या मागं बिबट्या. खरकटं झाकणाच्या पिंपात. वन विभागाचा स्थानिक नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

संडासावर खर्च करताना हात आखडू नका. पहिला लाख रुपया माझ्या मते तिथेच जायला हवा. पाश्चात्त्य पद्धतीचं निदान एक भांडं, कडी नीट लागणारं दार, साबण, बादलीभर गरम पाणी. शोषखड्डा विहीर आणि बोअरपासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला. थ्री फेज वीज कधी दिवसा असते कधी रात्री, हे पाहुण्याला माहीत नसतं; म्हणून टाकी आदल्या दिवशी भरलेली हवी आणि सिंगल फेजवर चालणारी छोटी मोटर वेगळी हवी. दिव्यांसाठी आणि फोनसाठी इन्व्हर्टर पुरतो. एसीची गरज आमच्या हंगामात नाहीच.

जेवणाबद्दल एकच: दोन भाज्या, बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्याची आमटी, ठेचा, दही. एवढं गरम आणि वेळेवर मिळालं की कुणाची तक्रार येत नाही. पनीरची मागणी आली तर नम्रपणे नाही म्हणा. घरातल्या बाईनं एकटीनं वीस माणसांचा स्वयंपाक करायचा नाही. बचत गटातल्या दोघीतिघींना रोजावर घ्या आणि रोज शेतमजुरीपेक्षा जास्त द्या, कारण चुलीपुढे उभं राहणं हे कसबाचं काम आहे.

कागदपत्रं आणि शेजारी

राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं. त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते, नाशिकला त्यांचं विभागीय कार्यालय आहे. शेतकऱ्याच्या नावावर किमान एक एकर जमीन लागते. सातबारा, आठ अ, आधार, वीजबिल ही नेहमीची कागदं, शिवाय जेवण देणार म्हणून अन्न सुरक्षा नोंदणी. सातबाऱ्यावर भाऊबंदांची नावं असतील तर त्यांची संमती लेखी घ्या, आणि ती पहिला पाहुणा यायच्या आधी घ्या. पैसा दिसायला लागल्यावर संमती महाग होते. नोंदणी झाली की बँकेत, ग्रामपंचायतीत, शाळेच्या मुख्याध्यापकांपुढे तुमचं बोलणं वेगळ्या कानांनी ऐकलं जातं. अभयारण्याच्या आसपास जमीन असेल तर एकही वीट रचायच्या आधी वन विभागाकडे चौकशी करा.

दारूचं स्पष्ट ठेवा. नाशिक म्हटलं की लोक वाइन विचारणारच. परवान्याशिवाय ती आपण द्यायची नाही आणि आपल्या अंगणात बसूही द्यायचं नाही. ज्यांना हवी त्यांना गंगापूर धरणाच्या बाजूच्या किंवा दिंडोरी, विंचूरकडच्या वायनरीचा रस्ता सांगा. तिथे ते काम रीतसर चालतं.

शेजाऱ्याची संमती कुठल्या अर्जात मागितलेली नसते, पण तिच्याशिवाय केंद्र चालत नाही. तुमच्या पाहुण्यांच्या गाड्या त्याच्या बांधावरून जाणार, धूळ त्याच्या घडांवर बसणार. रस्त्यावर पाणी मारा, गाड्या डांबरी रस्त्याजवळ उभ्या करून तिथून चालत आणा. दूध त्याच्याकडून घ्या, पेरू त्याचे विका, ऊस खायला त्याच्या शेतात न्या आणि त्याचे पैसे त्याला लगेच द्या. गावातल्या चार घरांना या धंद्यातून काही मिळालं की रस्त्याच्या मुरुमासाठी ग्रामसभेत हात वर करणारी माणसं आपोआप वाढतात.

पैसा

दर ठरवताना शेजारच्या केंद्राचा दर विचारून शंभरनं कमी करू नका. एका माणसाचं जेवण, बायकांचा रोज, धुणं, वीज, पाहुण्यांच्या प्लॉटचं नुकसान, खोलीच्या कर्जाचा हप्ता, आणि तुमच्या स्वतःच्या दिवसाची मजुरी, हे सगळं मांडा. स्वतःची मजुरी शून्य धरायची सवय शेतीनं आपल्याला लावली आहे, ती इथे आणू नका. आम्ही दिवसभराचे, म्हणजे नाश्ता, जेवण, चहा आणि शिवारफेरी धरून, मोठ्या माणसाचे 900 रुपये घेतो, मुलांचे निम्मे. जिल्हा परिषदेच्या शाळांना सोमवार ते शुक्रवार फक्त खर्चापुरतं. ती मुलं शेतकऱ्यांचीच असतात, पण द्राक्षाची बाग आतून न पाहिलेली बरीच असतात.

खरी कमाई मात्र गाडीच्या डिकीत भरून जाते. व्यापारी आकार बारीक म्हणून जे घड सोडतो ते गोडीला तितकेच चांगले असतात. ते पाहुण्यांना तोडू द्या आणि वजनावर विका. जागेवरचा दर बाजारापेक्षा चांगला मिळतो आणि आडत, वाहतूक काही नाही. उरलेल्याचे बेदाणे करा. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, टिकतो, आणि एप्रिलनंतर फोनवरून विकला जातो. कांदा पाच किलोच्या जाळीत, गहू दहा किलोच्या पिशवीत, सासूबाईंच्या कुरडया, काळा मसाला. पिशवीवर वाण, काढणीची तारीख आणि फोन नंबर लिहा. आमच्या उन्हाळ कांद्याचा काही भाग आता लिलावाला जातच नाही. आधी एकदा येऊन गेलेली कुटुंबं चाळ भरायच्या आधीच सांगून ठेवतात. भाव कोसळला त्या साली या घरांनी आम्हाला धीर दिला, आणि माझ्या दृष्टीनं या जोडधंद्याचं मोल तिथेच आहे.

नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याबद्दलही सध्या खूप विचारतात. अमृतस्नानं 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. तो काळ आपल्या बागेत घड नसण्याचा आणि रस्त्यात चिखल असण्याचा. त्या दोन महिन्यांच्या भरवशावर आठ खोल्यांचं कर्ज काढू नका. भाविकाला स्वच्छ अंथरूण, संडास, सात्त्विक जेवण आणि गाडी उभी करायला कोरडी जागा लागते. असलेल्या घरात ती सोय नीट करा. सकाळी थोडा वेळ असला तर बागेत नेऊन काडीवरचा, म्हणजे वेलीच्या फांदीवरचा, डोळा ब्लेडनं उभा कापून दाखवा आणि सांगा की फेब्रुवारीत जो घड लागणार, तो उन्हाळ्यात या काडीतच ठरून गेलेला असतो. मग फेब्रुवारीत पुन्हा यायचं निमंत्रण द्या.

बुकिंग फोनवरच घ्या आणि घेताना विचारा: किती माणसं, त्यात मुलं किती, म्हातारं कुणी आहे का, कशाची अ‍ॅलर्जी, गाडी कुठली, मुक्काम की दिवसभर. नियमही तेव्हाच सांगा, आल्यावर नाही: स्पीकर नाही, दारू नाही, बागेत विचारल्याशिवाय तोडायचं नाही. निम्मी रक्कम आगाऊ. आणि एक अट आमच्या बाजूनंही सांगून ठेवा. अवकाळी किंवा गारपीट झाली तर आदल्या रात्रीसुद्धा आम्ही बुकिंग रद्द करू आणि सगळी रक्कम त्याच दिवशी परत पाठवू, कारण त्या सकाळी घरातलं प्रत्येक माणूस बागेत लागतं. हे आधी सांगितलेलं असलं की कुणी रागावत नाही. बरेच जण उलट फोन करून विचारतात, किती नुकसान झालं, आणि राहिलेली द्राक्षं कधी न्यायला येऊ.